बकुळीची सेमीफायनल

"कोण गेलं?" माझ्या आक्कानं विचारलं.

इंगवले नवराबायको उंबऱ्यात उभे होते. बळवंतराव पुढं, शालनबाई मागं. एकानं टोपी काढून हातात धरलेली, दुसरीनं पदर तोंडाला लावलेला. मी हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवला. अशा वेळी चहा पीत बसलेला माणूस बरा दिसत नाही.

"कुणी न्हाई," बळवंतराव म्हणाले. "बरोबरी झाली."

"कुणाची?"

"बकुळीची. एक-एक."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या धैर्यशीलचं लग्न इंगवल्यांच्या संयोगिताशी ठरलं होतं. जुळवणारा मी, खराडेमामा, आणि दाजी नसल्यामुळं वरपक्षाचा कर्ताही मीच. आम्ही इचलकरंजीची माणसं. नवरीचा शालू दाखवायला कोल्हापुरात आलो होतो, तर ही मंडळी घरात नाहीत. पोरीनं चहा दिला, पोहे दिले आणि "येतीलच, मॅच सुटली असंल" म्हणून सांगितलं. लग्न चार दिवसांवर आणि मुलीचे आईबाप फुटबॉल बघायला! ही बाब मी तिथंच मनात टिपून ठेवली. सुताच्या व्यापारात आयुष्य गेलं माझं. माणूस समोर आला की आधी त्याचं वजन करतो, मग नमस्कार.

कोल्हापूरबाहेरच्यांना सांगायला हवं. तिथं तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा आखाडा नव्हे. प्रत्येक तालमीचा फुटबॉलचा संघ असतो आणि पेठेतला माणूस आडनावाच्या आधी तालीम सांगतो. इंगवले बकुळी तालमीचे. तालमीच्या दारात बकुळीचं झाड, म्हणून ते नाव. घराच्या पुढच्या अंगाला त्यांची पिठाची गिरणी, मागं दोन खोल्या, आणि दोन्ही खोल्यांत देवांच्या रांगेत बकुळीच्या संघाचे फोटो. फुलं सगळ्यांना सारखीच वाहिलेली.

"बरोबरी झाली तर झाली," मी म्हणालो. "हरला तर नाही ना?"

शालनबाईंनी पदर खाली घेतला. तोंड रडवेलं नव्हतं, संतापलेलं होतं.

"संयू," त्या मुलीला म्हणाल्या, "सांग त्यांना, पाव्हण्यांना काय झालंय ते सांगून टाका म्हणावं."

'ते' तीन हातांवर उभे होते.

"बाबा, सांगून टाका म्हणतीया आई," संयोगिता म्हणाली.

"आईला सांग, सांगतो," बळवंतराव म्हणाले.

ही त्यांची पद्धत मी आधीही दोनदा पाहिली होती. किल्ली कुठं ठेवली, भाजी काय आणू, सगळं पोरीच्या मार्फत. गिरणीच्या घरघरीत जन्म गेलेला माणूस, कान गेले असतील, असा मी हिशेब केला होता. शिवाय पाहुण्यांदेखत नवऱ्याशी थेट न बोलण्याची रीतही जुन्या घरांत असते. दोन कारणं मिळाली की मी तिसरं शोधत नाही.

बळवंतरावांनी सांगितलं ते असं. भटजींनी दोन मुहूर्त काढून दिले होते, गुरुवारचा आणि शनिवारचा. या घरात पंचांगानंतर स्पर्धेचा तक्ता उघडायची चाल. तक्त्यात लिहिलेलं, गटात पहिला येईल त्याची सेमीफायनल शनिवारी, दुसरा येईल त्याची गुरुवारी. म्हणून यांनी लग्न गुरुवारचं धरलं. आणि आज बरोबरी होऊन बकुळी दुसरी आली होती.

"म्हणजे लग्नादिवशीच मॅच?" मी विचारलं.

"चार वाजता. बुरूज तालमीसंगं."

"आणि मुहूर्त गोरज."

"व्हय."

"पण इंगवले, तक्त्यात दोन्ही वार लिहिले होते. बकुळी दुसरी येऊ शकते, हे तुमच्या मनातच आलं नाही?"

नवराबायकोंनी एकाच वेळी माझ्याकडं पाहिलं. एखाद्याच्या घरी जाऊन, तुमच्या मुलीच्या कुंडलीत वैधव्य आहे का, असं विचारलं तर माणसं जशी पाहतील, तसं.

"बकुळी दुसरी?" शालनबाई म्हणाल्या. "आमी का म्हणून तसं वंगाळ चिंतावं?"

आक्का हसली. तिला वाटलं, विषय संपला. "असूदे. एक मॅच नाही बघितली म्हणून काय होतंय? रेडिओवर ऐका."

"ही रेडिओवर न्हाई लागत," बळवंतराव म्हणाले.

"मग दुसऱ्या दिवशी पेपरात वाचा."

शालनबाई जमिनीकडं बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "संयू, त्यांना विचार, कार्यालयापासनं स्टेडियम किती लांब हाय?"

"चालत धा मिंटं," बळवंतराव पोरीनं विचारायच्या आतच म्हणाले. कान गेलेल्या माणसाला हे बरं ऐकू आलं, एवढं मनात येऊन गेलं.

आक्काचा आवाज चढला. "म्हणजे काय, जाणार आहात की काय? वरमाई दारात उभी आणि व्याही-विहीण मैदानात? रुखवत कोण मांडणार? पाय कोण धुणार? आमच्याकडनं दीडशे माणूस येतंय, त्यांना काय सांगू? विहीणबाई शिट्ट्या मारायला गेल्यात?"

"शिट्टी मला येत न्हाई," शालनबाई शांतपणे म्हणाल्या.

"मामा," आता संयोगिता बोलली. इतका वेळ पोह्यांच्या बशा गोळा करत होती, त्या तिनं खाली ठेवल्या. "आई-बाबा मॅचला जाणार. मान, रुखवत सगळं माझी काकी बघंल. कन्यादानाला ते हजर असतील. खरं मॅचला जाऊ दिलं नाही, तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही."

"बघ!" आक्का मला म्हणाली. "हे स्थळ तू आणलंस."

ते खरंच होतं. माझी पत जायची वेळ आली. लग्न मोडलं तर आक्का जन्मभर मला ते उगाळून पाजणार, आणि मुलगी तर मला मनापासून आवडली होती. सरळ बघणारी, कमी बोलणारी. असली मुलगी फुटबॉलपायी लग्न मोडायला निघते, म्हणजे एकतर घराण्यातच खूळ आहे किंवा मालात काहीतरी मला न दिसलेलं आहे. दोन्ही तपासायला वेळ नव्हता.

"मी जामीन राहतो," मी म्हणालो. "मी यांच्याबरोबर मॅचला जातो. गोरजाच्या आत दोघांना कार्यालयात आणून उभं करतो. नाही आणलं, तर आक्का, तुझ्या घरची पायरी चढणार नाही."

"मॅच लांबली तर?" आक्का.

"लांबली तर उठायचं," मी इंगवल्यांकडं बघत म्हणालो. "कबूल?"

"संयू," शालनबाई म्हणाल्या, "त्यांना विचार, कबूल का?"

"आईला सांग, कबूल."

* * *

गुरुवारी साडेतीनला शालनबाई हिरव्या शालूत आणि बळवंतराव गुलाबी फेट्यात स्टेडियमच्या दारात उतरले. मागं मी, खांद्यावर उपरणं, कपाळाला गंध, हातात माझी नेहमीची छत्री. दारावरची पोरं दोन्हीकडं सरकली.

"वैनी, वरात इकडंच वळली व्हय?"

"नवरा कुठाय? का ह्योच मामा नवरा?"

"मामाला गोलात उभा करा, लई रुंद हाय!"

शालनबाई सरळ आत शिरल्या. पश्चिमेच्या बाजूला तिसऱ्या पायरीवर दोन माणसांची जागा रिकामी होती. बाकी मुंगीला शिरायला वाव नव्हता, पण त्या दोन जागांवर कुणी बसलेलं नव्हतं. दोघं तिथं जाऊन बसले. मी खालच्या पायरीवर, त्यांच्या पायाशी टेकलो.

शिट्टी झाली. आणि माझ्या डोक्यावर आवाज आला:

"अवो, चार नंबर बघितलासा का? लंगडतोय."

मी मागं वळून पाहिलं. संयोगिता इथं नव्हती. मग ह्या बोलतायत कुणाशी?

"लंगडत न्हाई, नाटक करतोय," बळवंतराव म्हणाले. "गेल्या साली बी असंच केलतं."

"गेल्या साली डावा पाय हुता. आज उजवा हाय."

"मग दोन्ही पायांचं नाटक."

"तुमाला सगळं नाटकच दिसतंय. त्याला बसवा म्हणावं आणि धाकट्या मंडलिकाला उतरवा."

"धाकटा मंडलिक? त्यो बॉल बघितला की डोळं मिटतोय, शालन."

"मिटू दे. पाय तर चालतात?"

सात-आठ हजार माणसं ओरडत होती, ढोल वाजत होते, आणि ह्या बाईचं कुजबुजल्यासारखं बोलणं नवऱ्याला शब्दन् शब्द ऐकू जात होतं. कानाचं कारण मी खोडून टाकलं. पाहुण्यांदेखत न बोलायची रीतही खोडली, कारण वरपक्षाचा कर्ता पाहुणा त्यांच्या पायाशीच बसला होता. हातात एकही कारण उरलं नाही.

मी मॅच कमी पाहिली, त्यांनाच जास्त ऐकलं. ते मॅचबद्दल बोलत होते, हे खरं. पण मधूनच भलतंच काही निघायचं.

"फेटा कुणी बांधला? एका अंगाला कललाय."

"भावानं."

"तरीच. पाणी पिलासा का सकाळपासनं?"

"कुठलं? कॉर्नर, कॉर्नर! बघ बघ!"

"गेला बाहेर. घ्या, पाणी प्या."

पिशवीतून तांब्या निघाला. लग्नाच्या दिवशी, शालू नेसून, ह्या बाईनं नवऱ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणला होता.

मध्यंतरानंतर ऊन उतरलं. गोल कुणाचाच नव्हता. मी दर थोड्या वेळानं घड्याळ पुढं करत होतो आणि दोघं माझा हात डोळ्यासमोरून बाजूला सारत होते, माशी सारावी तसा. शेवटाला पाच-सात मिनिटं उरली असतील. बुरुजाचा एक काटकुळा पोरगा बॉल घेऊन एकटाच सुटला. बकुळीचा गोलकीपर विनू जागा सोडून पुढं धावला. पोरानं बॉल त्याच्या डोक्यावरून उचलला. बॉल सावकाश, घाई नसल्यासारखा, रिकाम्या गोलात पडला.

आमची बाजू गप्प झाली. समोरची बाजू उठून नाचायला लागली.

बळवंतराव कपाळाला हात लावून बसले. शालनबाई उभ्या होत्या. शेवटची शिट्टी होईपर्यंत त्या बसल्या नाहीत.

"चला," मी म्हणालो. "मुहूर्त."

गर्दीतून वाट काढत निघालो. शालनबाई सारख्या बोलत होत्या.

"पुढं आला कशाला पण?"

"यायलाच पायजे हुतं. एकटा सुटलेला गडी. कोन बंद कराय नको?"

"कोन बंद कराय आधी पाऊल थांबवावं लागतं. ह्यो पळतच सुटला."

"अगं, थांबला असता तर त्यानं कडंनं मारला असता."

"न्हाई. मी सांगते तुमाला, तो दोन पावलं मागं थांबला असता ना, तर..."

आम्ही गेटमधून बाहेर पडलो होतो. वाक्य तिथंच तुटलं. मला वाटलं, ठेच लागली. वळून पाहिलं तर शालनबाई चालत होत्या, तोंड मिटलेलं, नजर समोर. बळवंतरावांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि मग रस्त्याकडं बघत चालू लागले. पुढच्या कोपऱ्यावर शालनबाई मला म्हणाल्या,

"मामा, त्यांना सांगा, फेटा सरळ करा म्हणावं."

मी बळवंतरावांना सांगितलं. दुसरं काय करणार?

* * *

वेळेत पोचलो. आक्का दारातच होती. घड्याळ पाहून तिला थोडं वाईटच वाटलं असावं. भटजींनी मुलीला आणा म्हणून हाक दिली होती. आपल्या सख्ख्या मामाच्या हाताला धरून संयोगिता निघाली, पण मुंडावळ्यांतून तिची नजर मलाच शोधत होती. मी जवळ गेलो.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"हरले. एक-शून्य."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बायकांनी माना हलवल्या, "आईबापाचं घर सोडायचं म्हटलं की व्हायचंच असं." माझा भाचा धैर्यशील अंतरपाटापलीकडून टाचा उंच करून बघायला लागला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली.

जेवणं झाली, पाठवणीची तयारी सुरू झाली. मी संयोगिताला गाठलं. फुलांनी सजवलेल्या जीपपाशी ती एकटी उभी होती. तिची आई ओटीचं सामान आणायला आत गेली होती.

"पोरी, आता मला सांग. तुझे आईबाप एकमेकांशी बोलत नाहीत."

"मॅचमध्ये बोलतात," ती म्हणाली. "ऐकलासा न्हवं?"

"ऐकलं. म्हणून तर विचारतोय."

तिनं दाराकडं एकदा बघून घेतलं. "आईचे वडील, आबा, बकुळीचे गोलकीपर होते. जुने. मी चौथीत असताना एक फायनल होती. आई आत, तिसऱ्या पायरीवर. बाबा पाणी आणायला गेटावर गेले, तर तिथं निरोप आला, आबा शेवटच्या घटका मोजतायत, आईला पाठवा. बाबा आत आले आणि आईशेजारी बसले. सांगितलं नाही. वीस मिनिटांची मॅच राहिलीय, संपली की सांगू, म्हणून."

"आणि?"

"बकुळी जिंकली. आई पोचली तेव्हा आबा गेले होते."

मी उपरणं खांद्यावर सारखं केलं.

"तेव्हापासून घरात बोलत नाही ती त्यांच्याशी. बाबांनी कधी कारण सांगितलं नाही की माफी मागितली नाही. मागणार कशी? बोलणंच नाही."

"मग त्यांच्या शेजारी बसून मॅच कशी बघते?"

"तालीम आबांची आहे, मामा. नवऱ्यावर रुसली म्हणून बाई माहेर सोडती व्हय? दुसऱ्या वर्षी सीझन सुरू झाला तशी गेली, गप्प बसायचं ठरवून. रेफ्रीनं काहीतरी चुकीचं दिलं आणि तोंड उघडलं. गेटाबाहेर आल्यावर परत मिटलं. आता तसंच चालतंय. सीझनमध्ये मॅच असेल तेवढं बोलायचं. पावसाळाभर आणि पुढं दिवाळीपर्यंत मी आहेच, टपालासारखी." ती थांबली. "आज जिंकले असते तर रविवारी फायनल होती. अजून एक दिवस मिळाला असता. आता सीझन संपला आणि मी पण निघाले."

आतून शालनबाई आल्या. त्यांनी मुलीची ओटी भरली. बळवंतराव थोडे लांब उभे होते. संयोगितानं आईला मिठी मारली, मग बापाला. मग दोघांच्या मधे उभी राहिली आणि एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. कुणी निरोप देईल म्हणून असेल. दोघांनीही दिला नाही. ती जीपमध्ये बसली.

* * *

शनिवारी मी परत कोल्हापूरला गेलो. सत्यनारायणाचं आमंत्रण द्यायचं होतं. आक्का म्हणाली होती, माणूस पाठव. मी म्हणालो, मीच जातो. संयोगितानं निघताना एवढंच सांगितलं होतं, "मामा, जरा वेळ बसून या."

पेठेत वीज गेली होती, त्यामुळं गिरणी बंद. दळणाचे डबे दारात रांगेनं ताटकळत होते. मी मनाशी बेत करून आलो होतो. आधी बळवंतरावांना चार शब्द सांगायचे, मग शालनबाईंना दोन, आणि दोघांना एकत्र बसवून चहा मागवायचा. अर्धं आयुष्य सौदे जुळवण्यात गेलंय माझं. एवढा एक जमणार नाही?

बोळातून मागच्या खोलीकडं वळलो आणि आवाज आला. मोठा, भांडणाचा.

"दोन पावलं मागं! मी कवाधरनं हेच सांगालेय तुमाला, दोन पावलं मागं थांबला असता, तर त्या पोरानं पाय उचलला नसता!"

"अगं, खरं मधला कोण अडवणार हुता? चार नंबर तर पार तिकडं!"

"चार नंबरला बसवा म्हणून मी आधीच म्हटलं हुतं."

मी दारात थांबलो. जमिनीवर लग्नात आलेली भांडी पसरलेली होती. डबे, वाट्या, पेले, निरंजनं. पहिल्यांदा वाटलं, अहेर मोजतायत. मग दिसलं, एका अंगाला स्टीलचे पेले उभे, समोर पितळी वाट्या पालथ्या, आणि भिंतीशी दोन डब्यांच्या मधे एक तांब्या. गोलात विनू. शालनबाई गुडघ्यावर बसून तांब्या धरून होत्या. बळवंतराव पलीकडं मांडी घालून, एक सुपारी बोटांत.

"ही बघ, सुपारी घिऊन गडी सुटला," बळवंतराव म्हणाले. "आता पुढं यायलाच पायजे. तुझं आबा असतं तर आलंच असतं."

बोलून गेल्यावर बळवंतरावांना कळलं असावं, आपण काय बोललो. त्यांचा सुपारीचा हात तसाच अधांतरी राहिला. बाहेर रस्त्यावर कुणाची तरी सायकल खडखडत गेली. मला मागं फिरावंसं वाटलं, पण पाय निघेना.

शालनबाई तांब्याकडं बघत होत्या. मग त्या म्हणाल्या,

"आबा आलं असतं."

"व्हय."

"आबाला कवा पुढं यायचं आणि कवा थांबायचं, कळत हुतं." त्यांनी वर पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडं. "तुमाला कळलं न्हाई. त्यादिवशी तुमी थांबलासा."

बळवंतरावांची मान खाली गेली. "न्हाई कळलं," ते म्हणाले. "चुकलं माझं. शालन, लई चुकलं."

शालनबाईंनी तांब्या हातात धरला, दोन बोटं मागं घेतला, आणि ठेवला. "विनू हितं पायजे हुता," त्या म्हणाल्या. आवाज ठाम होता.

माझी छत्री चौकटीला लागली. दोघांनी वळून पाहिलं. बळवंतरावांचे डोळे ओले होते, आणि मला बघून त्यांना कोण आनंद झाला. इतक्या वर्षांची सवय, मधे माणूस आला की जीव भांड्यात पडायचा.

"या, या खराडेमामा!" ते म्हणाले. "बरं झालं आलासा. तुमी मॅच बघितलीया. तुमीच सांगा हिला, विनूनं पुढं..."

"त्यांना कशाला मधी घालतासा?" शालनबाई म्हणाल्या. "माझ्याशी बोला की."

बळवंतरावांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"बरं," ते म्हणाले. "तुझ्याशीच बोलतो." आणि त्यांनी हात लांब करून तांब्या परत दोन बोटं पुढं सरकवला.